म्हाळूच्या पोटाचा फोटो

उमापूर, ता. गेवराई
६ जानेवारी २०२५

चि. रोहिणी,

आशीर्वाद. तो विनाअट आहे. पुढचा मजकूर सशर्त आहे, म्हणून नीट वाच.

मामांनी फोन का केला नाही, असे तू म्हणशील. फोनवर तू माझे दुसरे वाक्य पुरे होऊ देत नाहीस, आणि माझे म्हणणे साधारणपणे तिसऱ्या वाक्यात असते.

आपले बागायतदार आणि पुढारी अमरसिंह येत्या मार्चमध्ये पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. अशा प्रसंगी इतर पुढारी रक्तदान करवतात. यांना नवे काही हवे आहे. त्यांच्या आरोग्य न्यासाने असे योजले आहे की, जिल्ह्यातल्या पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाच्या पोटाची सोनोग्राफी करावी. हेतू मी माझ्या शब्दांत मांडतो; रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया तू करतेस, तेव्हा चुकल्यास दुरुस्त कर. हृदयातून निघून पोटातून खाली उतरणारी जी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, ती महाधमनी, काही म्हाताऱ्यांत, विशेषतः विडी ओढणाऱ्यांत, हळूहळू फुगते. दुखत नाही, खुपत नाही. एके दिवशी फुटते, आणि मग बहुतेक वेळा दवाखाना गाठेपर्यंत माणूस उरत नाही. आधी कळले तर शस्त्रक्रिया करता येते.

अंबाजोगाईच्या महाविद्यालयात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस गावात रिकामा बसला आहे. त्याचा लेखी अभिप्राय घ्यावा म्हणजे विरोधकांना बोलायला जागा राहणार नाही, असे न्यासात ठरले. मी होकार देईन हे गृहीत धरलेले आहे.

डिसेंबरच्या अखेरीस चाचणी म्हणून उमापूरच्या शाळेत शिबिर झाले. या यंत्राची आपल्या जिल्ह्यात कीर्ती काय आहे हे तुला ठाऊक आहे. ते जागेवरून हलवायला परवानगी काढावी लागली, आणि जिथे ते असेल तिथे 'गर्भलिंगनिदान केले जात नाही' हा फलक लावणे सक्तीचे. त्या फलकाखाली उमापूरचे तमाम म्हातारे सदरे वर करून रांगेत उभे होते. मी घरातून निघालो तेव्हा तुझ्या मामीने दारातच विचारले, "कितवा लागला?" माझी महाधमनी निर्दोष निघाली. हा निकाल मामीने गल्लीत, "न्हाई, काई न्हाई निघालं," असा सांगितल्यामुळे लोक माझे सांत्वन करत होते.

दोघांचे मात्र निघाले. आडतवाले राधाकिशन यांचा फुगवटा सहा सेंटीमीटरच्या घरात. ते गुरुवारी तुझ्याकडे येत आहेत. दुसरा म्हाळू, आपल्या मळ्याशेजारी मेंढरे राखतो तो. त्याचा साडेतीनच्या जरा वर. डॉक्टरांनी त्याला सांगितले की हे लहान आहे. विडी सोड, रक्तदाबाची गोळी घे, वर्षाने पुन्हा मोजू. यात चुकीचे काहीच नव्हते.

पण दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे लोक समाचाराला येऊ लागले. आजाऱ्याला भेटायला जाणे हे आपल्याकडे लग्नाला जाण्याइतकेच चुकवता येत नाही. लेकी सासरहून आल्या, व्याही आले, प्रत्येकाच्या हातात केळी नाहीतर बिस्किटांचे पुडे. म्हाळूला बाजेवर बसवून ठेवले आहे आणि मेंढरे मुलगा रामेश्वर राखतो आहे. आणि काल ठरले की, म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत नात उजवून टाकावी. रामेश्वरची ही मुलगी, संस्कृती, बारावीत आहे, विज्ञान शाखेत. तिला परिचारिकेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आहे. परळीचे स्थळ आहे. परीक्षेआधी, फेब्रुवारीच्या पाच तारखेला साखरपुडा, उन्हाळ्यात लग्न. तिला अठरा नुकतीच पूर्ण झाली आहेत, त्यामुळे कायद्याला काही म्हणायचे नाही.

तेव्हा माझे दोन प्रश्न. म्हाळूचा फुगवटा फुटण्याचा संभव किती? आणि ज्या देशांत ही तपासणी सरसकट करतात, तिथल्या हिशेबात नातीच्या लग्नाचा रकाना आहे का?

आप्पाराव

*

छत्रपती संभाजीनगर
११ जानेवारी २०२५

मामा,

पोचेल तिथपर्यंत वाकून नमस्कार. तुमचे तिसरे वाक्य वाचले, चौथेही वाचले. मामींना सांगा की "कितवा लागला" हे मी आमच्या विभागात सर्वांना सांगितले आहे आणि भूलतज्ज्ञांना हसू आवरले नाही.

आधी उत्तरे. साडेतीनचा फुगवटा वर्षभरात फुटण्याचा संभव शंभरात एकापेक्षाही कमी. म्हाळूकाकांना त्यापेक्षा रस्ता ओलांडताना जास्त धोका आहे. विडी सोडली तर आणखी कमी. साडेपाचच्या पुढे गेला तरच पुरुषांत आम्ही शस्त्रक्रियेचा विषय काढतो. बहुतेक लहान फुगवटे तिथवर पोचायच्या आधी माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो.

दुसरे उत्तर: नाही, तो रकाना नाही. काळजी, झोप न येणे हे मोजलेले आहे. नात नाही.

तुम्ही मुद्दाम विचारले नाहीत ते मीच सांगते, नाहीतर पुढच्या पत्रात तुम्ही मला त्यावरून पकडाल. परदेशांत या तपासणीने फुगवटा फुटून होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पण एकूण मृत्यूंत फारसा फरक दिसला नाही, कारण हा आजार मुळात थोड्यांना होतो. आता तिकडे लोक सिगारेट कमी ओढतात म्हणून तो आणखी कमी झाला आहे, आणि तपासणी चालू ठेवावी का यावर तिथेही वाद आहे. आपल्याकडे किती जणांना होतो याचा भरवशाचा आकडाच नाही. ही सगळी तुमच्या बाजूची शस्त्रे, मीच पाजळून दिली.

आता माझ्या बाजूचे एकच. मागच्या पावसाळ्यात लिंबागणेशकडून एक गृहस्थ आणले. बैलाला पाणी दाखवताना पाठीत कळ आली, घरच्यांना वाटले उसण भरली. माझ्या टेबलावर आले तेव्हा त्यांचा हात गरम होता, बाकी काही उरले नव्हते. त्यांच्या मुलाने मला विचारले, "ताई, आधी कळलं नसतं का?" मी म्हणाले, कळले असते. त्याला शिबिराचा एक फोटो पुरला असता, मामा. राधाकिशनकाकांना पुरला. ते परवा येऊन गेले. स्वतःच्या पायांनी, माझ्याशी कापसाच्या भावावर बोलत. वीस तारखेला शस्त्रक्रिया आहे.

म्हाळूकाकांकडे जे झाले ते यंत्राने केले नाही, माणसांनी केले. त्यावर साधा उपाय आहे: साडेचारच्या खालचा फुगवटा निघाला तर सांगायचाच नाही. नोंद आमच्याकडे ठेवू, वर्षाने काहीतरी निमित्त काढून बोलावू. गावाला कळणार नाही, साखरपुडे होणार नाहीत.

आणि त्या मुलीचे काय करता आहात?

रोहिणी

*

उमापूर
१७ जानेवारी २०२५

चि. रोहिणी,

तुझ्या प्रामाणिकपणाला आशीर्वाद, तुझ्या उपायाला नाही.

तू म्हणतेस, पाहायचे पण सांगायचे नाही. म्हाळू सदरा वर करून टेबलावर झोपला तो स्वतःविषयी कळावे म्हणून. त्याने पोट दाखवले आणि आपण जे पाहिले ते खिशात घातले, तर ज्या कारणासाठी त्याने संमती दिली तेच कारण आपण काढून घेतले. मग उरलेली संमती कशाची? जे सांगायची आपली तयारी नाही ते पाहायला जाऊ नये. आणि 'निमित्त काढून बोलावू' याचा अर्थ, डॉक्टराने दर वर्षी एक नवी थाप शोधायची. तुझ्यात ते कौशल्य नाही. लहानपणी पेरू चोरल्यावर तू स्वतःहून बिया मोजून दाखवायचीस.

यंत्राने केले नाही, माणसांनी केले, हा तुझा दुसरा मुद्दा. मान्य. पण यंत्र मोकळ्या माळावर चालवायचे नाही, याच माणसांत चालवायचे आहे. औषध पोटात गेल्यावर जे करते त्याला आपण औषधाचा परिणाम म्हणतो. पोटाचा स्वभाव म्हणून सोडून देत नाही.

आता मुलीविषयी. मी म्हाळूकडे गेलो होतो. अंगणात पाहुणे होते, म्हाळू बाजेवर, त्याच्याभोवती चार बायका पदर डोळ्यांना लावून. मी शक्य तितक्या सोप्या भाषेत तुझा आकडा मांडला. म्हटले, असे शंभर म्हाळू उभे केले तर वर्षात त्यांतला एकही बहुधा जाणार नाही. यावर त्याची बायको रतनबाई म्हणाली, "त्या शंभरात जाणारा ह्योच आसला तर?"

रोहिणी, समूहाविषयीचे विधान एका माणसावर कसे लावायचे, यावर मी तासिका घेतल्या आहेत. त्या सगळ्या त्या अंगणात व्यर्थ गेल्या.

म्हाळू म्हणाला, "मास्तर, मला काईच झालं न्हाई तर त्या फोटूत आलं कावून?"

मी म्हटले, "आलं आहे, पण लहान आहे."

"मंग बिडी कावून बंद केली?"

"ती सगळ्यांनाच वाईट."

"सगळ्यांची न्हाई बंद केली. माजी केली." आणि रतनबाईकडे बघून, "डॉक्टर बिडी बंद करतो म्हंजी लईच झालं आसंल, आसं ही म्हणती."

इथे आत कुणीतरी हुंदका दिला आणि सभा संपली.

परतताना संस्कृती गोठ्याच्या भिंतीशी उभी होती. मी विचारले, तुला कुणी बळजबरी केली का?

"न्हाई आप्पा. मीच हो म्हणले."

"कावून?"

"घरात समदे रडतेत. मी एकटीनं फिजिक्स कसं वाचू?"

या उत्तरातले तर्कदोष मी शोधत घरी आलो. सापडले नाहीत. तुझ्या मामीला सांगितले तर ती म्हणाली, "तुम्ही रडणाऱ्या घरात आकडा घेऊन गेलात. निदान केळी तरी न्यायची."

अभिप्रायाचा मसुदा मी लिहायला घेतला आहे. म्हाळूचे उदाहरण त्यात मध्यवर्ती राहील, कारण सरसकट तपासणीविरुद्ध इतका स्वच्छ दृष्टान्त मला दुसरा मिळणार नाही.

आप्पाराव

*

छत्रपती संभाजीनगर
२२ जानेवारी २०२५

मामा,

नमस्कार, आज थोडा ताठ मानेने.

राधाकिशनकाकांची शस्त्रक्रिया परवा झाली. चांगली झाली. काल संध्याकाळी शुद्धीवर नीट आले आणि पहिला प्रश्न विचारला की कापूस कितीला गेला. आणखी दहा-बारा दिवस इथेच असतील. हा एक जिवंत माणूस आहे, आणि तो केवळ शिबिरामुळे जिवंत आहे. तुमच्या मसुद्याच्या बेतात तो मध्यवर्ती कुठेच दिसला नाही.

पेरूच्या बियांबद्दल: तुम्ही बरोबर आहात आणि मला त्याचा राग आहे. न सांगण्याचा उपाय मागे घेते.

पण शेवटच्या परिच्छेदाबद्दल बोलायलाच हवे. 'इतका स्वच्छ दृष्टान्त.' मामा, साखरपुडा पाच तारखेला आहे. तुम्ही त्या घरात गेलात, हरलात, परत आलात, आणि त्या पोरीचा तुम्ही दाखला केलात. तुमचा अभिप्राय पहिल्या पत्रातच ठरला होता असे मला वाटते. तुम्हाला नकार द्यायचा होता आणि नकाराला पुरावा हवा होता. ती मुलगी लग्न करून परळीला गेली तर तुमचा युक्तिवाद अधिकच भक्कम होईल, नाही का?

हे लिहून दोनदा वाचले. पाठवते आहे.

मी रतनबाईंशी फोनवर बोलू का? रामेश्वरचा नंबर मामींकडे असेल.

रोहिणी

*

छत्रपती संभाजीनगर
२ फेब्रुवारी २०२५

मामा,

माझ्या पत्राला उत्तर आले नाही. म्हटले, दुखावले असाल. आणि परवा दुपारी वॉर्डात पाहते तर तुम्ही, डोक्याला टोपी, हातात छत्री, आणि शेजारी पांढरा फेटा बांधलेले म्हाळूकाका केळ्यांची फणी छातीशी धरून.

मला वाटले, पटले तुम्हाला. काकांना मोजायला घेऊन आलात. मी लगेच यंत्राची सोय केली. तर तुम्ही म्हणालात, "आज हा समाचाराला आला आहे. तपासणीला नाही. त्याला हात लावायचा नाही." मी तुमच्यावर चिडले होते की हसत होते हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तुम्ही औषधांच्या दुकानात चष्मा विसरलात म्हणून परत गेलात ना, तेव्हा मागे काय झाले ते सांगते. म्हाळूकाका राधाकिशनकाकांच्या खाटेशी बसले. त्यांनी सगळे रीतसर केले: पांघरूण नीट केले, "काळजी करू नगं, समदं नीट व्हतंय" म्हणाले, सुनेला बाजूला घेऊन "खायला काय देता" विचारले. मग राधाकिशनकाका म्हणाले, "अबे म्हाळ्या, तुझ्या बी पोटात हाय म्हणत्यात नं?"

"हाय की. बारकं हाय."

आणि मला म्हणाले, "ताई, ह्याचं केवढं व्हतं अन् माजं केवढं?"

मी दोन्ही हातांच्या बोटांनी दाखवले. आधी राधाकिशनकाकांचे, लिंबाहून मोठे. मग म्हाळूकाकांचे. मग धडधाकट माणसाचे, जे त्यांच्याहून बोटभरही कमी नसते.

"मंग लोक माझ्याकडं कावून येतेत? ह्याच्याकडं याया पायजे व्हतं."

"येतेत की," राधाकिशनकाका म्हणाले, "तूच आलास नं."

यावर दोघे इतके हसले की मला टाक्यांची काळजी वाटून मध्ये पडावे लागले.

तुम्ही परत आलात तेव्हा तुमचा चेहरा सिद्धता संपल्यावर फळा पुसणाऱ्या माणसासारखा होता. काय केलेत ते आता कृपा करून सांगा. आणि पाच तारखेचे काय?

रोहिणी

*

उमापूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणी,

आशीर्वाद, आणि तुझ्या बावीस तारखेच्या पत्राची पोच. ते मी मामीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बरोबर लिहिलंय," आणि भाकरी थापत राहिली. घरात दोन न्यायाधीशांचे एकमत झाल्यावर अपिलाला जागा नव्हती. मी मसुदा बाजूला ठेवला.

मग प्रश्न उलटा मांडला. म्हाळूच्या घरातल्या लोकांना तो आजारी आहे असे कशावरून वाटते? फोटोवरून नव्हे, तो कुणालाच वाचता येत नाही. लोक समाचाराला येतात, यावरून. आणि लोक का येतात? तो आजारी आहे म्हणून. हे चक्र आहे, आणि त्यात बाहेरून आकडा घुसत नाही, हे मी अंगणात पाहिलेच होते. तेव्हा आतूनच काहीतरी हवे. गाव एक नियम निरपवाद पाळते: जो स्वतः अंथरुणावर आहे तो दुसऱ्याच्या समाचाराला जात नाही. म्हणजेच, जो जातो तो अंथरुणावर नाही. ही व्याप्ती, म्हणजे 'जिथे हे तिथे ते' हा अटळ संबंध, मला सिद्ध करावी लागणार नव्हती. ती उमापुरात सिद्धच आहे. फक्त म्हाळूला तिच्या दुसऱ्या बाजूला नेऊन उभे करायचे होते.

मी रतनबाईला म्हटले, राधाकिशन आपल्या गावचा माणूस, शिबिरात म्हाळूच्या पुढेच रांगेत होता. म्हाळू भेटायला गेला नाही तर लोक काय म्हणतील? हा युक्तिवाद तिने क्षणात मान्य केला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत कमी वेळात मान्य झालेला युक्तिवाद. तिनेच फेटा काढून दिला.

एसटीच्या थांब्यावर अर्धे गाव भेटले. प्रत्येकजण विचारी, कुठे? म्हाळू सांगे, "राधाकिशनच्या समाचाराला." पहिल्यांदा हळू आवाजात, चौथ्यांदा जरा मोठ्याने. तेवढ्यात आलेल्या गाडीतून बायनाबाई खाली उतरली, म्हाळूची मावसबहीण, हातात केळ्यांची फणी. ती त्यालाच पाहायला आली होती. तो फेटा बांधून तिच्यासमोर उभा. ती म्हणाली, "आरं, म्या तुला बघाया आले."

"मी चाललो राधाकिशनला बघाया."

मग म्हाळूने तिच्या हातातली फणी काढून घेतली आणि म्हणाला, "ही त्याला व्हईल." ती फणी तू पाहिलीस. बायनाबाई त्याच गाडीने परत गेली, आणि वाटेतल्या प्रत्येक गावात तिने काय सांगितले असेल ते मी सांगायला नको.

माझा चष्मा विसरलेला नव्हता. मी समोर असलो की म्हाळू माझ्याकडे पाहून बोलतो; मला तो राधाकिशनकडे पाहून बोलायला हवा होता. तू बोटांनी जे दाखवलेस ते मी योजलेले नव्हते. ते माझ्या योजनेपेक्षा उजवे होते, हे नोंदवून ठेवतो.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तो मेंढरांमागे गेला. बाज भिंतीला उभी केली. पाहुणे आले तर घरात कुणीच नाही, म्हाळू माळावर. दोन दिवसांत येणे बंद झाले.

साखरपुडा झाला नाही. पण 'मोडला' असे लिहिता येत नाही. रामेश्वरने परळीला निरोप धाडला की म्हातारा बरा आहे, आता परीक्षेनंतर बघू. तिकडूनही, घाई तुमचीच होती, असे उत्तर आले. म्हणजे गोष्ट लांबणीवर पडली आहे, आणि लांबणीवर पडलेली गोष्ट ही न झालेली गोष्ट नव्हे. रतनबाई अजून माझ्याकडे संशयाने पाहते. संस्कृतीची परीक्षा मंगळवारी सुरू होते. घरात आता कुणी रडत नाही, त्यामुळे फिजिक्स वाचते आहे.

आप्पाराव

*

छत्रपती संभाजीनगर
१३ फेब्रुवारी २०२५

मामा,

पूर्ण वाकून नमस्कार. चष्म्याचे कळल्यावर आणखी दोन इंच.

दाखल्याबद्दल मी लिहिले होते ते मागे घेत नाही, पण त्यानंतर तुम्ही जे केलेत ते त्याच्यापुढे ठेवते.

आता अवघड प्रश्न. म्हाळूकाकांचे जे झाले ते तुम्ही सावरलेत, कारण तुम्ही शेजारी होता. जिल्हाभर तपासणी झाली तर असे म्हाळू पुष्कळ निघतील आणि प्रत्येकाच्या शेजारी तुम्ही नसाल. हे मला दिसते आहे. पण न झाली, तर राधाकिशनही निघणार नाहीत. ते गेल्या आठवड्यात घरी गेले. जाताना म्हणाले, "आप्पारावांना सांगा, माझं तोंड आठवून सही करा." मी फक्त निरोप पोचवते आहे.

सभा कधी? काय लिहिणार आहात?

रोहिणी

*

उमापूर
४ मार्च २०२५

चि. रोहिणी,

आशीर्वाद. सभा काल झाली. अभिप्राय दिला. त्याची प्रत पाठवत नाही, कारण ती अमरसिंहांकडेच आहे. ती हातात घेतल्यावर ते पहिले वाक्य म्हणाले, "आप्पा, बॅनर छापून झालेत." मी विचारले, त्यावर काय आहे? "'संपूर्ण बीड जिल्हा'." मी म्हटले, मग ते तुमच्या गोठ्याच्या शेडला ताडपत्री म्हणून वापरा, कापड चांगले दिसते आहे. ते माझ्याकडे रागाने पाहू लागले, पण न्यासाचे निम्मे सभासद हसले तेव्हा त्यांनाही हसावे लागले. पुढाऱ्याला एकट्याने रागावता येत नाही.

मी सरसकट तपासणीला नकार दिला आहे. त्याऐवजी असे मांडले: पासष्टीपुढचे, विडी-सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले पुरुष आधी घ्यावेत, कारण फुगवटा मुख्यतः त्यांच्यातच सापडतो. आणि एका वर्षात किती जण तपासायचे हे यंत्राला नव्हे, पायांना विचारावे. ज्याच्या पोटात लहानसे काही निघेल त्याच्या घरी, पाहुणे पोचायच्या आधी, न्यासाचे माणूस जाऊन बसले पाहिजे; बोटांनी आकार दाखवणारे, आणि वर्षभर येत राहणारे. असे एकच माणूस मिळाले तर एकाच गावात तपासणी करा. टेबलावर झोपण्यापूर्वी प्रत्येकाला विचारा की लहान निघाले तर घरी काय होईल. ज्याला उत्तर देता येत नाही त्याने घरी जाऊन विचारून यावे.

राधाकिशन सभेला आले होते, पोटाला पट्टा बांधून. त्यांनी मध्येच विचारले, "आप्पा, तुमच्या ह्या हिशेबात मी परळीला राहत असतो तर?"

मी म्हटले, "तर पहिली काही वर्षे तुमच्यापर्यंत कुणी पोचले नसते."

"म्हंजे गेलो असतो."

"बहुधा."

तू माझ्याजवळ असतीस तर बरे झाले असते असे मला तेव्हा वाटले. परळीकडे किंवा कुठे तरी असा एक माणूस आहे, ज्याला अमरसिंहांचे बॅनर वाचवू शकले असते आणि माझा अभिप्राय वाचवणार नाही. त्याचे नाव मला माहीत नाही. पण नाव माहीत नसल्याने त्याचे वजन कमी होत नाही. हे मी अभिप्रायात लिहिले आहे. खोडायला सांगितले तेव्हा खोडले नाही. राधाकिशन म्हणाले, "तोंड आठवून सही केली, एवढं दिसलं." ते माझ्या मताच्या बाजूने बोलले की विरुद्ध, हे मला नीट कळले नाही. हात मात्र त्यांनी वर केला. ठराव मंजूर झाला. सुरुवात उमापूरपासून, न्यासाने एक परिचारिका नेमायची आहे.

आता जे लिहिणार आहे ते अभिप्रायात नाही.

आज सकाळी रतनबाई आली. ओसरीत बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली, "परळीवाले पुन्हा इचारतेत. पोरगी म्हणती चार वर्सं शिकायचं. मास्तर, तवरोक हे राहत्याल का?"

मी म्हटले, डॉक्टर रोहिणीच्या सांगण्याप्रमाणे संभव फार...

"डॉक्टरचं न्हाई. तुमी सांगा. पोरीचं लगीन हे बघत्याल का न्हाई? तुमी हो म्हणा, मी आत्ता निरोप धाडते, चार वर्सं थांबा म्हणून. न्हाई म्हणा, उन्हाळ्यात उरकते."

तुला ठाऊक आहे, मी होय आणि नाही यांच्या मध्ये आयुष्य काढले आहे. म्हाळू पंचाहत्तरीचा आहे. महाधमनीचे सोड, चार वर्षांत पडणे आहे, छाती आहे, साप आहे, रस्ता आहे. त्या प्रश्नाचे उत्तर कुणालाच माहीत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याने 'माहीत नाही' म्हणावे, हे मी कितीतरी मुलांना शिकवले. रतनबाई उत्तराची वाट पाहत होती. तिच्यामागे फाटकाशी संस्कृती, परीक्षेला निघालेली, पाठीला दप्तर.

मी म्हटले, "बघतील."

रतनबाईने पुन्हा विचारले नाही. तिने पदर सावरला, मान हलवली, आणि नातीला म्हणाली, "चल, एसटी जाईल." तुझी मामी आतून दारात आली होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला भाजीत मीठ बरोबर आहे असेही विनाअट कधी सांगितलेले नाही. आज चहा न मागता मिळाला.

त्या विधानाला आधार नाही, रोहिणी. ते मी पूर्ण शुद्धीत, अपुऱ्या आधारावर केलेले आहे, आणि मागे घेणार नाही. आता तुझ्याकडे एकच मागणे. म्हाळूला डिसेंबरमध्ये मोजशील तेव्हा काटेकोर मोज. माझ्या शब्दाची भीड धरून मिलिमीटरही इकडचा तिकडे करू नकोस. आकडा जो येईल तो मला कळव, आणि त्याला सांगू नकोस. सांगायला मी जाईन.

आप्पाराव